दोन किलोंची तूट

गुरुवारी सकाळी सव्वासहाला मी मोरीच्या दारात उकिडवा बसलो होतो. पुढ्यात आमचा घरचा वजनकाटा, ज्यावर माणूस उभा राहतो तो, काळ्या रबराचा. त्याच्या पुढच्या कडेखाली एक लहानसं दातेरी चाक असतं. ते अंगठ्याने फिरवलं की काटा शून्याच्या मागेपुढे सरकतो. मी तो मागे सरकवत होतो. शून्यापासून मोजून दोन किलो मागे. आवाज नको म्हणून नळ सोडून ठेवला होता आणि दार लोटून घेतलं होतं. काम अर्ध्या मिनिटाचं, पण मधे दोनदा मला सरळ होऊन श्वास घ्यावा लागला. वाकलं की छातीत कोणी उशी कोंबल्यासारखं व्हायचं.

चाक फिरवून झाल्यावर मी काट्यावर उभा राहिलो. बरोबर सहासष्ट. वही उघडली, तारीख घातली आणि ६६.० असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं, हे मला आजही आठवतं.

आता मी कोण हे सांगितलं की तुम्हाला हसू येईल. मी श्रीरंग वाळिंबे, निवृत्त वजनमापे निरीक्षक. एकतीस वर्षं सातारा-सांगलीकडच्या बाजारपेठांतून काटे तपासत हिंडलो. तागडीच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे, मापाच्या तळाला मेण ओतणारे, पोकळ वजनं वापरणारे, सगळे माझ्या हातून गेले. प्रत्येकाचं म्हणणं एकच असायचं, साहेब, मी काही केलं नाही, काटा आपोआप हलला. मी चष्म्यावरून बघत म्हणायचो, काटा आपोआप हलत नाही, हात हलवतो. हे वाक्य माझं इतकं आवडतं होतं की निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी भाषणात तेच घेतलं आणि पितळेचं दोन किलोचं वजन भेट दिलं. खात्याचा शिक्का मारलेलं, अस्सल. ते आमच्या दिवाणखान्यात फोटोंशेजारी असतं. असा हा माणूस मोरीत नळ सोडून काट्याचं चाक फिरवत होता. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते यालाच.

ही वेळ का आली तेही सांगतो. त्याच वर्षी जानेवारीत मला धाप लागून साताऱ्याच्या हॉस्पिटलात नऊ दिवस काढावे लागले. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, असं निदान. डॉक्टर मृण्मयी नेर्लेकर, वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, त्यांनी पडद्यावर माझंच हृदय मला दाखवलं. डावा कप्पा ताणून मोठा झालाय, म्हणाल्या, सहासष्ट मिलिमीटर. आणि दर ठोक्याला आतलं जेवढं रक्त बाहेर जायला हवं त्याच्या निम्मंच जातंय. त्याची एक टक्केवारी असते, तिला ईएफ म्हणतात. माझी अठ्ठावीस. पस्तिसाला पास धरणाऱ्या राज्यात जन्मलेला मी. म्हणालो, म्हणजे नापास. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आपण दर तीन महिन्यांनी मोजू. आकडा किती यापेक्षा तो कुठल्या बाजूला चाललाय ते महत्त्वाचं.

मला फक्त आकडा ऐकू आला.

घरी सोडताना नियम दिले. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, पाणी मापात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर ती चरबी नसते, शरीरात साठलेलं पाणी असतं; त्याच दिवशी फोन करायचा, एक दिवसही थांबायचं नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. सिस्टर सुवार्ता दर सोमवारी आणि गुरुवारी फोन करून आकडे विचारणार होत्या.

वजन करायचं आणि लिहून ठेवायचं! अहो, मला आणखी काय हवं होतं? मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. तारीख, वजन, रक्तदाब, नाडी, आणि टेपने मोजलेला घोट्याचा घेर. काट्याखाली पाणसळ धरून फरशी समपातळीत आहे का ते पाहिलं. कुमुदने, म्हणजे माझ्या बायकोने, आमटीत मीठ घालायचं तेही मी सोनाराच्या काट्यावर तोलून द्यायचो. ती म्हणायची, लग्नात मंगळसूत्रसुद्धा एवढं तोललं नव्हतंत. पण औषधं चालली, नियम पाळले गेले आणि एप्रिलात ईएफ चौतीस आली, जुलैत एकोणचाळीस. कप्पा एकसष्टवर आला. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. मी वाचनालयात, बँकेत, दाढीच्या दुकानात, सगळ्यांना सांगून आलो. रहिमतपुरात त्या महिन्यात माझी ईएफ माहीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

ऑक्टोबरातही आकडा तोच आला. मग नोव्हेंबरात हॉस्पिटलने अशाच रुग्णांचा मेळावा ठरवला. सिस्टर सुवार्तांनी फोनवर सांगितलं, काका, तुमची वही आम्ही सगळ्यांना दाखवणार आहोत, तुम्ही दहा मिनिटं बोलायचं, आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. रविवारी सकाळी दहाला. मी भाषण लिहायला घेतलं. शीर्षकच दिलं होतं, ‘मोजणारा वाचतो’.

आता आधीच्या रविवार-सोमवारची गोष्ट. खात्यातल्या जुन्या मित्रांचं कोल्हापुरात स्नेहसंमेलन होतं. एसटीचा प्रवास. लघवीची गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला उतरावं लागतं आणि कंडक्टर काही आपला मेहुणा नसतो. म्हणून मी दोन दिवस गोळीला सुट्टी दिली. तिथे मिसळ खाल्ली, वर कट दोनदा मागून घेतला. जेवणात तळलेल्या सांडग्या मिरच्या होत्या. कुमुद बरोबर नव्हती, एवढंच सांगतो. सोनाराचा काटाही नव्हता.

मंगळवारी वजन ६६.८. बुधवारी ६७.३. गोळ्या परत सुरू केल्या होत्या, म्हटलं उतरेल. गुरुवारी पहाटे काट्याने अडुसष्ट दाखवलं. नियमाप्रमाणे फोन करायला हवा होता. फोन केला की सिस्टर म्हणणार, ताबडतोब या. आलं की दाखल करणार. म्हणजे रविवारी खाली मंडपात शाल-श्रीफळ आणि वर वॉर्डात सत्कारमूर्ती सलाइन लावून! मला ते नको होतं. रविवारपर्यंत निभावून नेऊ, सोमवारी सगळं खरं सांगू, असं मी स्वतःला समजावलं. मी पकडलेले सगळे दुकानदारही हेच म्हणायचे, साहेब, आजचा बाजार होऊ द्या, उद्या काटा बदलतो.

तुम्ही विचाराल, नुसतं वहीत खोटं लिहायचं, चाक कशाला फिरवायचं? तर वजन करताना कुमुद अनेकदा मागे उभी असायची. आणि दुसरं म्हणजे काट्याने दाखवलं नाही ते लिहायचं नाही, ही माझी एकतीस वर्षांची शिस्त. खोटं लिहायला मन घेत नव्हतं, म्हणून मी काट्याकडून खोटं वदवून घेतलं. घोट्याचा घेर मात्र काटा सांगत नाही, टेप सांगते. तो रकाना मी तीन दिवस कोरा ठेवला. गुरुवारी दुपारी सिस्टरचा फोन आला, मी खणखणीत आवाजात सहासष्ट सांगितलं आणि घोट्याचा घेर गाळला. त्या म्हणाल्या, वा काका. शुक्रवारी काट्याने साडेसहासष्ट दाखवलं, शनिवारी सदुसष्ट पूर्णांक एक. त्यात मनातल्या मनात दोन मिळवायचे हे मी टाळत होतो. रात्री उशीला उशी लावून बसल्या बसल्या झोपत होतो आणि कुमुदला पित्त झालंय म्हणून सांगत होतो.

शनिवारी सकाळी नऊला गल्लीत हॉर्न वाजला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज सिलिंडरचा दिवस.

हे नीट समजावून सांगायला हवं. आमच्या गल्लीत गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय कोणी घेत नाही आणि ही प्रथा मीच पाडलेली. सिलिंडरच्या गळ्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात आतल्या गॅसचे चौदा किलो दोनशे ग्रॅम मिळवले की भरल्या टाकीचं वजन झालं. डिलिव्हरीवाल्यांच्या लटकत्या काट्यावर माझा विश्वास नाही. म्हणून सगळ्यांचे सिलिंडर आमच्या ओसरीवर, आमच्या काट्यावर तोलले जायचे. दहा वर्षं हा कार्यक्रम चालू होता. सिलिंडर आणणारा सोपान जगदाळेही तोच. चाळिशीचा, अंगाने आडवा, बोलायला कमी. त्याने कधी कुरकुर केली नाही. दहा वर्षांत त्याचा एक सिलिंडर कमी भरला नव्हता आणि ही गोष्ट मी अभिमानाने सांगायचो, जणू गॅस मीच भरत होतो.

मी लगबगीने उठलो. चाक जागेवर आणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मोरीपर्यंत जाईतो धाप लागली, आणि पाहतो तर कुमुदने काटा उचलून ओसरीवर नेऊन ठेवलाही होता. बाहेर शेजारचे उमाकांत गुजर आले होते. झेरॉक्सचं दुकान चालवतात, माणूस चांगला, पण तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. आणखी चार-पाच बायाबापड्या होत्या. मी म्हणालो, आज राहू दे, सोपान काय परका आहे का, दहा वर्षांत कधी कमी आलंय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोपानच म्हणाला, “न्हाई साहेब, नेम तो नेम. तुमीच लावलाय.”

दरवेळी मी एक सोहळा करायचो. काही ठेवण्याआधी रिकामा काटा सगळ्यांना दाखवायचा आणि म्हणायचं, शून्य बघून घ्या. त्या दिवशी मी दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि तोंडातून शब्द काढला नाही. कुमुदने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. सोपानने आमचा सिलिंडर खांद्यावरून उतरवून काट्यावर ठेवला.

टाकीवर पंधरा पूर्णांक तीन कोरलेलं. म्हणजे साडेएकोणतीस यायला हवेत. काट्याने साडेसत्तावीस दाखवले.

सोपान वाकून बघत राहिला. सिलिंडर उचलला, पुन्हा ठेवला. साडेसत्तावीस. झाकणाचं सील तपासलं, ते शाबूत होतं. मग गुजरांचा सिलिंडर ठेवला. त्यालाही दोन किलो कमी. इथे गुजरांची माळ पेटली. सील काय, बाजारात पोत्याने मिळतात, वाटेत सुईने गॅस काढून घेतात हे लोक, आणि आपण दहा वर्षं याला दिवाळी देतोय! त्यांनी मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. म्हणाले, हे आत्ता एजन्सीच्या मालकाला पाठवतो, दुपारपर्यंत हा घरी बसला पाहिजे. तो मालक मला ठाऊक होता. तक्रार आली की चौकशी नाही, माणूस काढून मोकळा व्हायचा. सोपानच्या घरी बायको, दोन मुली आणि दुसरं उत्पन्न काही नव्हतं.

आणि मी काय केलं? मी गप्प बसलो. अगदी खरं सांगायचं तर गप्प बसण्यापेक्षाही वाईट केलं. मी म्हणालो, हवेत गारवा आहे, स्प्रिंग आखडते कधीकधी. माझ्या आयुष्यात हे कारण मी निदान पन्नास दुकानदारांच्या तोंडून ऐकलं असेल आणि पन्नासही वेळा काटा जप्त केला असेल.

गुजर म्हणाले, “वाळिंबेसाहेब, तुमचा काटा आखडेल होय? तुम्ही कशाला याला पाठीशी घालता?”

तिसरा सिलिंडर सोपानने काट्यावर टेकवला, पण हात काढला नाही. तसाच वाकून, सिलिंडरला धरून, त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“साहेब,” तो म्हणाला, “तुमचा काटा खोटं बोलायचा न्हाई. मग कुठंतरी मीच चुकलो आसंन.”

मला वाटलं होतं तो शपथा घेईल, भांडेल, माझ्या काट्याला नावं ठेवेल. तसं झालं असतं तर मी आणखी थोडा वेळ तग धरला असता. पण माझ्या काट्यावर भरवसा ठेवून तो स्वतःलाच चोर ठरवायला निघाला होता. शरमेने माझे कान तापले. शाल दिसेना, श्रीफळ दिसेना, काही दिसेना.

“सोपान, सिलिंडर खाली घे,” मी म्हणालो. “कुमुद, आतलं पितळेचं वजन आण.”

तिने आणून दिलं. रिकाम्या काट्याकडे बोट दाखवून मी सगळ्यांना म्हणालो, शून्य बघून घ्या. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की काटा शून्यावर नव्हताच, शून्याच्या मागे होता. मी दोन किलोचं वजन त्यावर ठेवलं. काटा सरकला आणि बरोबर शून्यावर येऊन थांबला.

गुजरांचा मोबाइल अजून चालूच होता. “यात सोपानचा काही दोष नाही,” मी म्हणालो. “काटा आपोआप हलत नाही, हात हलवतो. हा माझा हात.”

आणि मग सगळं सांगितलं. मिसळ, सांडगी मिरची, गोळीची सुट्टी, शाल, सगळं. सांगताना मधे मधे थांबावं लागत होतं, दम पुरत नव्हता. कोणी हसलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. गुजरांनी मोबाइल खिशात घातला आणि सोपानकडे न बघता म्हणाले, माझं चुकलं रे बाबा.

सोपान सिलिंडर खाली घेऊन तिथेच टेकला होता. त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. चपलेचे पट्टे रुतले होते. त्याने काही न विचारता माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला, तो भरेना.

“वहिनी, माझ्या आईचं पाय आसंच झालं हुतं,” तो म्हणाला. “आमी चार दिस थांबलो. थांबायचं न्हवतं.”

 आता कुमुदने वाकून चाक फिरवलं, काटा खरोखरच्या शून्यावर आणला आणि मला म्हणाली, उभे राहा. मी उभा राहिलो. एकोणसत्तर पूर्णांक एक. सहा दिवसांत तीन किलोंच्या वर.  ती आत गेली, वही घेऊन आली आणि माझ्या हातात पेन दिलं.

“लिहा पंचनामा,” ती म्हणाली. “दुसऱ्यांचे खूप लिहिलेत.”

मी ओसरीच्या पायरीवर बसून लिहिला. आज रोजी रहिमतपूर येथे, खालील पंचांसमक्ष, श्रीरंग वाळिंबे यांच्या राहत्या घरातील काटा तपासला असता दोन किलोने कमी दाखवीत असल्याचे आढळले. सदर फेरफार घरमालकाने स्वतः केल्याचे कबूल केले. खरे वजन ६९.१. पंच म्हणून गुजरांनी सही केली. दुसरी सही सोपानने केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. कुमुदचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती माझी पिशवी भरत होती. त्या पिशवीत तिने वही टाकली. माझं भाषण टाकलं नाही.

रिक्षाला वेळ लागला असता. सोपानने टेम्पोतले सिलिंडर आमच्या ओसरीवर उतरवले, गुजर त्यांच्या राखणीला बसले आणि मला पुढच्या सीटवर बसवून सोपानने साताऱ्याला नेलं. कुमुद आमच्या दोघांच्या मधे.  मी खिडकी उघडी टाकून हवा ओढत होतो.

हॉस्पिटलच्या दारात सिस्टर सुवार्ता चाकाची खुर्ची घेऊन उभ्या होत्या; कुमुदने निघतानाच फोन केला होता. त्या रागावल्या नाहीत. वही चाळून एवढंच म्हणाल्या, “काका, तुमचा आकडा म्हणून मी उलट विचारलंच नाही. दुसऱ्या कोणी घोट्याचा घेर सांगितला नसता, तर विचारलं असतं.” त्याच दिवसात दुसऱ्यांदा मला तेच ऐकायला मिळालं.

शिरेतून औषध दिलं. संध्याकाळपर्यंत लघवीची तीन भांडी भरली, रात्री मी सपाट झोपलो. रविवारी सकाळी डॉक्टर नेर्लेकरांनी पुन्हा पडदा लावला. ईएफ तेहतीस. कप्पा चौसष्ट. एप्रिलपासूनची सगळी कमाई सहा दिवसांत घालवून बसलो होतो. सोमवारपर्यंत थांबला असतात तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, “काका, दुकानदाराचा काटा तुम्ही एकदा पास केलात की मग पुन्हा बघायचा नाहीत?”

मी म्हणालो, छे, दरवर्षी फेरपडताळणी, नवा शिक्का.

“मग हे यंत्र तर दिवसाला लाखभर वेळा चालतं,” त्या म्हणाल्या. “एकोणचाळीसचा शिक्का तुम्ही कायमचा कसा धरलात?”  भाषणात घालण्यासारखं वाक्य होतं, पण भाषण घरी राहिलं होतं.

मेळावा खाली झाला. शाल वाठारच्या एका शिक्षकांना मिळाली, त्यांना ती शोभलीही असणार. डॉक्टरांनी माझी परवानगी घेऊन माझी वही मात्र नेली आणि तिच्यातला फक्त पंचनामा वाचून दाखवला. सिस्टर नंतर हसत सांगत होत्या की तो ऐकून लोक पोट धरधरून हसले, आणि चहाच्या वेळी सहा जण एकेकटे त्यांच्याजवळ येऊन कबुली देऊन गेले. एक आजी पोहे केल्या दिवशी वही लपवून ठेवायच्या. एक गृहस्थ आठ महिने फोनवर रोजचं वजन सांगत होते आणि त्यांच्या घरी काटाच नव्हता.

याला आता नऊ वर्षं झाली. कप्पा हळूहळू पुन्हा आवरला. परवाची ईएफ चव्वेचाळीस, पण ती मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितली, ती सोडून द्या.

त्या दिवसापासून सोपानने एक नवा नेम लावला. सिलिंडर आणला की आधी पितळेचं वजन काट्यावर, मग मी, आणि मग सिलिंडर. माझं वजन तो मोठ्याने वाचायचा, वहीत लिहायला लावायचा आणि पायावर अंगठा दाबून बघायचा. गल्लीतली माणसं रिकाम्या टाक्या घेऊन थांबायची. एकतीस वर्षं मी लोकांना असं बाजारात उभं केलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

गेल्या दिवाळीआधी त्याने काम सोडलं. खांदा गेला होता. थोरल्या मुलीने पोस्टात नोकरी धरली होती, ती म्हणाली बास आता. निरोप घ्यायला तो आला तेव्हा कुमुदने चहा केला. आम्ही ओसरीवर बसलो. बोलता बोलता मी विचारलं, खांदा फार दुखतो का. तो म्हणाला, दुखतो, पण लई शिकलेला खांदा हाय साहेब. टाकी उचलली की पाव किलोचा फरक कळतो.

मी चहाची बशी खाली ठेवली.

“सोपान,” मी विचारलं, “म्हणजे त्या दिवशी तुला कळलं होतं?”

 “टाक्या भरलेल्याच हुत्या,” तो म्हणाला. “पैलीलाच कळलं.”

“मग तसं बोलला का नाहीस? तुझी नोकरी जात होती.”

“गल्लीम्होरं तुमचा काटा खोटा म्हणू?” तो म्हणाला. “आन् तुमी काय मला जाऊ दिलं नसतं. तुमी बोलणार, हे मला ठावं हुतं. जरा येळ लागला, एवढंच.”

जरा वेळ. पहिला सिलिंडर दोनदा, गुजरांचा एकदा आणि तिसरा निम्मा. तेवढा वेळ तो माणूस डोक्यावर चोरीचा आळ घेऊन, माझ्यावर भरवसा ठेवून, वाकून उभा होता. आणि मी दाराच्या चौकटीला धरून हवेतल्या गारव्याबद्दल बोलत होतो.

 डोळे पुसायला मी चष्मा काढला. सोपानने चहा संपवला, उठून आत गेला, काटा आणि पितळेचं वजन घेऊन आला आणि वजन काट्यावर ठेवलं. दोन किलो, बरोबर. मग ते उचलून बाजूला ठेवलं आणि दुखऱ्या खांद्याने मला आधार द्यायला हात पुढे केला.

“चला साहेब,” तो म्हणाला. “उभं ऱ्हावा.”